शमीमआपांचं ‘परत बोल’

शमीमआपांना कोणी काही सांगितलं की त्या ते परत म्हणून दाखवत, आणि त्यांनी काही सांगितलं की आपल्याला ते परत म्हणून दाखवावं लागे. यातून चहाची टपरीही सुटली नव्हती. “तीन चहा, एक बिनसाखरेचा,” असं सांगून त्या टपरीवाल्याकडे बघत उभ्या राहत. तो नवा असला तर नुसती मान हलवी. आपा जागच्या हलत नसत. “परत बोल,” म्हणत. मग तो बिचारा बोले, “तीन चहा, एक बिनसाखरेचा.” आपा म्हणत, “हाव,” आणि मगच बाकावर टेकत. भोकरच्या स्टँडसमोरचा टपरीवाला तर त्यांना लांबून येताना बघूनच ओरडायचा, “तीन चहा, एक बिनसाखरेचा! हाव का आपा?”

ही सवय त्यांच्या कामातून आली होती. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी मोजण्याचं काम आमचं छोटं खाजगी ऑफिस करतं. वजिराबादेत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, एवढंच ऑफिस. आपा तिथे तीस वर्षांच्या वर होत्या. मी बी.ए.ला भूगोल घेतलेला, आणि शनिवार-रविवारी व सुट्ट्यांत त्यांच्यासोबत वही घेऊन जायचे. आपांकडे पोलादी फीत होती, तिच्या टोकाला शिशाचं वजन. फितीच्या खालच्या भागाला त्या पांढरा खडू घासत आणि फीत विहिरीत सोडत. वजन पाण्यात बुडे. खडू जिथपर्यंत ओला होई तिथे गडद रेघ उमटे. त्या रेघेवरून पाणी किती खाली आहे ते कळे. मग आपा आकडा मोठ्याने सांगत. मी तो परत बोले. आपा “हाव” म्हणत. मी वहीत टिपून “लिहिलं” म्हणे. हे चार टप्पे झाल्याशिवाय फीत गुंडाळली जात नसे. ऑफिसात सगळ्यांना त्यांनी हेच वळण लावलं होतं, अगदी साहेबांनासुद्धा.

आपा उंच, किडकिडीत. सलवार-कमीज, मनगटावर पुरुषी घड्याळ, विहिरीवर गेल्या की ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. त्यांची बोटं कायम खडूने पांढरी असत. काळ्या पर्सवर, डब्याच्या झाकणावर, बसच्या तिकिटावर त्यांच्या बोटांचे ठसे असायचे. माहेर उदगीरचं. वडील विहिरींवर मोटारी बसवायचे, त्यांच्यामागे हिंडून या लहानपणीच विहिरींना सरावल्या. त्यांचं मराठी आमच्यासारखंच होतं, फक्त राग आला की “नक्को नक्को” सुरू व्हायचं.

कोणी अंदाजाने काही बोललं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “नजरेनं सांगू नको, फीत सोड.” हे त्या विहिरीपुरतंच म्हणत नसत. एकदा मी त्यांना म्हणाले, “आपा, कॉम्प्युटरवाला गणेश माझ्याशी नीट बोलत नाही. मी खेड्यातली म्हणून असेल.” आपा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, “नजरेनं सांगून राहिली तू. फीत सोड. जाऊन विचार त्याला.” मी दोन दिवस धीर गोळा केला आणि विचारलं. गणेश चकित होऊन म्हणाला, “अगं, तूच बोलत नाहीस. मला वाटलं तुला शिष्टपणा आहे.” त्यानंतर तो इतका बोलायला लागला की त्याला गप्प कसं करायचं हे आपांना विचारावं लागलं.

परत बोलण्याच्या या सवयीची सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला कंधारच्या बसमध्ये सांगितलं होतं. त्या नव्या असताना एका गावाची नोंद चुकून दुसऱ्या गावापुढे लिहिली गेली. उन्हाळा होता. टँकर ज्या गावाला जायला हवे होते तिथे गेले नाहीत. पुढच्या मोजणीला आपा त्या गावात गेल्या तर बायका रिकाम्या घागरी घेऊन ओट्यावर बसलेल्या. “त्यांना काय ठाऊक, माझ्या वहीनं त्यांचं पाणी तोडलं. बाई उन्हातून आली म्हणून त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. ते मी पिलं. न पिऊन करते काय? त्या दिवसापासून मी एकटीच्या कानावर विश्वास ठेवत न्हाई.”

ही सगळी गोष्ट मी खाली मान घालून ऐकली, कारण माझीही एक चुकीची नोंद होती आणि ती मी स्वतः केली होती.

कामासाठी विचारायला गेले तेव्हा साहेबांनी चार प्रश्न विचारले होते. शेवटचा होता, “पोहता येतं का? आपांना येत नाही. कठडा नसलेल्या विहिरींवर त्यांच्यासोबत पोहता येणारं माणूस लागतं.” माझ्या आधी आलेल्या मुलाने “येतं” म्हटलेलं मी बाहेर बसून ऐकलं होतं. मीही म्हणाले, “येतं.” आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे काम मिळालं तर नांदेडला राहता येणार होतं, नाहीतर गावी परत. आमच्या शेतातल्या विहिरीत माझा भाऊ पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकला. मी काठावर त्याचे कपडे धरून उभी असायची. हात कसे मारायचे, श्वास कधी घ्यायचा, सगळं मला तोंडपाठ होतं. पाण्यात मात्र मी कधी उतरले नव्हते.

ते खोटं किती मोठं आहे हे मला भोकरजवळच्या एका विहिरीवर कळलं. तिचा काठ ढासळलेला होता. पाय ठेवला की मुरूम घरंगळायचा आणि बऱ्याच वेळाने खाली डुबुक वाजायचं. आपा काठावर पालथ्या झोपल्या आणि हात लांब करून फीत सोडू लागल्या.

“आपा, सांभाळून.”

“तू हायस ना मागं? मग मला कशाचं भ्या. मी पडले तर उडी मारायची आणि माझे केस धरायचे. केस कमी हायेत, नीट धर.”

त्या हसल्या. मी त्यांच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि आकडा परत बोलताना माझा आवाज फाटला. परतीच्या बसमध्ये सांगायचं असं मी ठरवलं. बस आली, आपा खिडकीशी बसल्या, डोळे मिटले. मला सांगता आलं नाही. नंतरच्या विहिरीवरही नाही. असं दीड वर्ष गेलं.

मग सहल ठरली. दोन्ही जिल्ह्यांची मोजणी वेळेत झाली म्हणून साहेब म्हणाले, सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊ. गणेशने मोबाइलवर कोकणातल्या कोलाडचे व्हिडिओ दाखवले. फुगवलेल्या रबरी होडीतून उसळत्या नदीत वल्हं मारत जाणारी माणसं, तोंडावर पाणी, आरडाओरडा. साहेबांना ते आवडलं. ऑफिसात सर्व्हेचं काम करणारे दोघे जण तर खुर्चीतच वल्हं मारायला लागले. मला वाटलं आपा तरी नको म्हणतील. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

“मला पोहता येत न्हाई. भ्याबी लई वाटतं,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “पण आयुष्यभर पाणी वरून बघितलं. एकदा बाजूनं बघू.”

घरी मी फक्त कोकण बघायला चाललो असं सांगितलं. तरी आईचा धीर होईना, म्हणून आपांनी तिच्याशी फोनवर बोलणं केलं. “मी तुमच्या पोरीला सोबत नेते आणि सोमवारी सोबत आणते. परत बोला.” पलीकडून माझी आई गोंधळून म्हणाली, “तुम्ही माझ्या पोरीला सोबत नेता आन् सोमवारी सोबत आणता.” “हाव,” आपा म्हणाल्या. आई नंतर मला म्हणाली, “बाई लई पक्की हाय. जा तू.”

नांदेडहून रेल्वेने पनवेल, तिथून जीपने कोलाड. आम्ही सकाळी नदीवर पोचलो तर नदीत पाणी बेताचंच. दगड उघडे पडलेले. सर्व्हेच्या दोघांपैकी एक जण म्हणाला, “यापेक्षा आपली गोदावरी बरी की.” गाइड होता तिथलाच एक तरुण, संतोष नावाचा. तो म्हणाला, वरच्या धरणातून रोज सकाळी पाणी सोडतात, ते आलं की निघायचं.

धरणातून पाणी येणार म्हटल्यावर आपांनी पर्स उघडली. खडू काढला. पाण्याच्या कडेच्या एका दगडावर, पाण्यापासून हातभर वर, त्यांनी आडवी रेघ मारली आणि घड्याळ बघत शेजारच्या दगडावर बसल्या.

“आजी, काय करताय?” संतोषने विचारलं.

“आजी कुणाला म्हणतो रे? आपा म्हण.”

“आपा.”

“हाव. आता बघ.”

पाणी आलं तेव्हा आधी काही आवाज झाला नाही. कडेला अडकलेलं एक पान उलटं फिरलं, मग दगड एकेक करून दिसेनासे झाले. आम्ही सगळे रेघेकडे बघत होतो. आमचा चहा अजून संपला नव्हता आणि रेघ बुडाली. आपांनी घड्याळ बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “आपल्याकडं विहिरीला हातभर पाणी चढायला आख्खा पावसाळा लागतो गं. इथं च्या थंड व्हायच्या आत चढलं.” त्यांच्या आवाजात हेवा नव्हता. मोठ्या माणसाच्या घरी गेल्यावर आपण जसं जपून बोलतो, तशा त्या बोलत होत्या.

संतोषने आम्हाला हेल्मेट आणि लाइफ जॅकेट दिली आणि काठावर उभं करून शिकवलं. “फॉरवर्ड म्हटलं की पुढे वल्हं. बॅक म्हटलं की मागे. स्टॉप म्हटलं की थांबायचं. कोणी पडलं तर पाठीवर पडायचं, पाय पुढे, नाक वर, आणि होडीच्या बाजूची दोरी किंवा मी फेकेन ती दोरी धरायची.” आम्ही सगळ्यांनी ते एका सुरात परत बोलून दाखवलं. त्याला आनंद झाला. अशी ऐकणारी मंडळी त्याने बघितली नव्हती.

“आता पोहता कोणाला येतं?”

साहेबांनी हात वर केला. गणेश म्हणाला, “थोडं थोडं.” सर्व्हेचे दोघे गावच्या तलावात शिकलेले. आपा मोठ्याने म्हणाल्या, “मला न्हाई.” मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी हात खांद्यापर्यंत उचलला.

“मग ताई, तुम्ही या आपांच्या शेजारी बसा, पुढे. त्यांच्यावर लक्ष ठेवा,” संतोष म्हणाला. त्याने आपांच्या जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून घट्ट केले. मला विचारलं, “तुमचं बरोबर आहे ना?” मी “हो” म्हणाले. खरं तर मला ते पट्टे कळलेच नव्हते.

होडी निघाली आणि पहिल्याच मिनिटाला घोटाळा झाला. संतोष मागून ओरडला, “फॉरवर्ड!” आणि आम्ही सहाही जण एकदम ओरडलो, “फॉरवर्ड!” वल्ही मात्र सगळ्यांची हवेत. इतक्या वर्षांचं वळण! कोणी काही सांगितलं की आधी ते परत बोलायचं, मग करायचं. होडी आडवी फिरली आणि दगडाला घासली.

“अहो बोलू नका!” संतोष म्हणाला.

“बोलू नका!” आम्ही म्हणालो.

“अरे देवा.”

कोणीतरी “अरे देवा” पण म्हटलं. बहुतेक गणेशने, मुद्दाम. साहेब इतके हसले की त्यांचं वल्हं पाण्यात पडलं, ते संतोषने काढून दिलं. दोन-तीनदा असं झाल्यावर संतोषच शहाणा झाला. आमचं ओरडून होईपर्यंत एक क्षण जातो हे धरून तो हुकूम क्षणभर आधी द्यायला लागला. आणि गंमत अशी की ओरडून झाल्यावर आमची सहाही वल्ही एकदमच पाण्यात पडायची. तो म्हणाला, “तुमच्यासारखं उशिरा पण बरोबर कोणी मारत नाही.”

दोन लहान उसळ्या पार झाल्या. मग संथ पाण्याचा पट्टा आला. दोन्ही काठांना दाट झाडी. पुढच्या वळणाकडून घरघर ऐकू येत होती, जात्यावर दळताना येते तशी. आपांनी तिकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “पोरी, मी ठरवलंय. ते दोरी-बिरी मला पाण्यात सुधरणार न्हाई. मी पडले की सरळ तुझा हात धरीन. हा असा.” त्यांनी माझं मनगट गच्च धरून बघितलं आणि सोडलं. मनगटावर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. इतकं पाणी उडूनही त्यांच्या बोटांचा खडू पुरता गेला नव्हता.

मी त्या ठशांकडे बघत राहिले. घरघर जवळ येत होती. आत्ता सांगितलं तर साहेब मागेच बसलेले. काम जाईल. नाही सांगितलं तर या बाई पडताना माझा हात धरतील, आणि मी त्यांना वर नाही, खाली घेऊन जाईन.

“आपा,” मी म्हणाले, “मला पोहता येत नाही.”

आपांनी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मग विहिरीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावं अशा त्यांच्या ठरलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “ज्योतीला पोहता येत न्हाई!”

आणि मागून साहेब, गणेश, सर्व्हेचे दोघे, सगळे एका सुरात, “ज्योतीला पोहता येत न्हाई!”

डोंगराला आपटून ते परत आलं असावं, निदान मला तरी तसं वाटलं.

“हाव का?” आपांनी विचारलं.

“हाव,” मी म्हणाले.

संतोषने “बॅक! बॅक!” करत होडी काठाच्या संथ पाण्यात घेतली. माझ्याजवळ येऊन त्याने जॅकेट खांद्यांना धरून वर ओढलं, तर ते माझ्या कानांपर्यंत आलं. त्याचा चेहरा उतरला. “ताई, पाण्यात पडला असता तर हे अंगातून निघून गेलं असतं. पोहता येतं म्हणालात म्हणून मी बघितलं नाही.” त्याने एकेक पट्टा ओढला. श्वास घेणं अवघड व्हावं इतका ओढला. मला मागे आपल्याजवळ बसवलं, गणेशला पुढे पाठवलं.

“दीड वर्ष आपांची राखण करत होतीस ना गं?” गणेश जाता जाता म्हणाला.

“आणि आपा, कुणाचा हात धरायचा नाही. फक्त दोरी,” संतोष म्हणाला.

“कुणाचा हात धरायचा न्हाई. फक्त दोरी,” आपा म्हणाल्या.

त्या वळणावर होडीचं नाक एकदम खाली गेलं आणि मग पांढऱ्या पाण्याची भिंत आमच्यावर कोसळली. डोळे उघडले तेव्हा पुढची डावी जागा रिकामी होती. मग डाव्या बाजूने, बऱ्याच लांबून, पाण्याच्या खळखळाटातून आवाज आला, “पाठीवर! पाय पुढं!” आपा वाहत चालल्या होत्या, हेल्मेट तिरकं, आणि स्वतःलाच हुकूम देत होत्या. “नाक…” तोंडात पाणी गेलं. “नाक वर!”

“दोरी!” संतोषने दोरीची पिशवी फेकली.

“दोरी!” आपांनी तिकडून सांगितलं, आणि धरली.

त्यांना होडीत ओढून घेतलं तेव्हा त्या बराच वेळ खोकत होत्या. साहेब त्यांची पाठ चोळत होते. बोलता यायला लागल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या, “नाक वर र्‍हायलं न्हाई. दोनदा खाली गेलं.” जे झालं ते तसंच सांगायचं, स्वतःचं असलं तरी.

नंतर काठावर ऊन खात बसलो होतो. बाकीचे जेवणाकडे गेले. आपा ओढणी पिळत होत्या.

“होडीची दोरी माझ्या हाताशी होती,” त्या म्हणाल्या. “पडताना पहिल्यांदा ती दिसली न्हाई. तू दिसलीस मागं. हात तुझ्याकडंच आला होता. मग आठवलं, ज्योतीला येत न्हाई. म्हणून खाली घेतला.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

“भोकरच्या विहिरीत मी पडले असते तर?”

“मी ओढणी सोडली नसती.”

“म्हंजे दोघी.”

“हो.”

“कामून न्हाई बोललीस गं?”

“काम गेलं असतं.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “गेलं असतं.”

जाऊ दे, काही होत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला ते फार लागलं. आता वाटतं, तसं म्हणाल्या असत्या तर मी त्यांना इतकं मानलं नसतं. ओढणी पिळून झाल्यावर त्यांनी ती माझ्या ओल्या डोक्यावर टाकली आणि म्हणाल्या, “ऊठ. जेव.”

मंगळवारी त्यांनी मला साहेबांच्या टेबलासमोर उभं केलं. “होडीत बोलली ते पाण्यात बोलली. आता जमिनीवर बोल.” मी बोलले. साहेब काही म्हणायच्या आधीच आपा पुढे झाल्या. “आता माझं ऐका. हिनं खोटं सांगितलं, ते चूक. पण दीड वर्ष मी एकदाबी हिला पाण्यात उतरून दाखव म्हटलं न्हाई. मीबी नजरेनंच चालवलं. तीस वर्षं सोबत येईल त्याच्या जिवावर काठावर झोपले. लिहा साहेब, दोघींना येत न्हाई. आणि दोघींना कमरेचे पट्टे, एक जाड रस्सी आणि ठोकायला एक खुंटी द्या.”

साहेबांनी लिहून घेतलं. म्हणाले, “आपा, हे तुम्ही आधीच मागायला हवं होतं.”

“हाव,” आपा म्हणाल्या. “मागायला हवं होतं.”

माझं काम राहिलं. पट्टे आले. भोकरच्या त्या विहिरीवर पुढच्या वेळी आपांनी खुंटी स्वतः ठोकली, रस्सीला दोन झटके देऊन बघितले आणि पालथ्या झोपल्या. मी आकडा परत बोलले. माझा आवाज मला वेगळा वाटला. मोकळा.

वर्षभराने आपा निवृत्त झाल्या आणि लातूरला मुलाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी फीत त्यांनी ऑफिसात जमा केली, ती ऑफिसची होती. मला दिली फक्त अर्धी संपलेली खडूची पेटी. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून आले होते, ते सगळं विसरले आणि नुसती पेटी धरून उभी राहिले. गणेशच म्हणाला, “आपा, ही गप्प आहे म्हणजे परत काय बोलायचं?” सगळे हसले, त्यामुळे बरं झालं.

मला जे जमलं ते मी यंदाच्या उन्हाळ्यात केलं. नांदेडला एका पोहण्याच्या तलावावर दुपारी बायकांची वेळ असते. पहिले आठ दिवस मी कठडा सोडला नाही. शिकवणाऱ्या ताई वैतागल्या. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, “पाठीवर पड, मी खाली हात ठेवते.” मी मनात म्हटलं, पाठीवर, पाय पुढे, नाक वर. कधीतरी त्यांनी हात काढून घेतला. तलावाबाहेर आल्यावर ओल्या केसांनीच मी लातूरला फोन लावला.

“आपा, रीडिंग घ्या.”

“थांब, पेन घेते.” पलीकडे खुडबुड ऐकू आली. “बोल.”

“पाठीवर तरंगले. अकरा सेकंद. पोहता अजून येत नाही.”

“पाठीवर तरंगली. अकरा सेकंद. पोहता अजून येत न्हाई.”

“हाव,” मी म्हणाले.

मग कागदावर पेन घासल्याचा आवाज आला.

“लिहिलं,” शमीमआपा म्हणाल्या.